पडत्या भावातली सोबत

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरीत अश्मकांचा एक राजा न्यायाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व श्रेष्ठींच्या किंवा अमात्यांच्या घरी जन्मला नाही. नगराच्या दक्षिण वेशीबाहेर मोड गोळा करणाऱ्यांची वस्ती होती, तिथे तो जन्मला. फुटलेली घागर, चेपलेला तांब्या, दांडा तुटलेली पळी, अशा निकामी झालेल्या धातूच्या जिनसांना मोड म्हणतात. गावोगाव हिंडून ही मोड घ्यायची, बदल्यात मीठ, मणी, सुया द्यायच्या आणि ती नगरातल्या ओताऱ्यांना विकायची, हा त्या वस्तीचा धंदा. ओतारी ती वितळवून तिची नवी भांडी ओतीत.

बोधिसत्त्वाचे नाव सुदंत होते. चाळिशीला आला तेव्हा वस्तीतल्या तीस घरांनी त्याला आपला मुखिया मानले. तो थोडे बोले आणि बोललेले पाळी.

नगरात तेव्हा सात ओतारी होते. मोडीला चांगला भाव असताना सातही जण वस्तीच्या गाड्या आपल्या दाराशी याव्यात म्हणून धडपडत. पण सुदंत आणि त्याचे लोक बहुतेक माल नागदत्ता नावाच्या ओतारणीला देत. नवरा वारल्यावरही तिने भट्टी विझू दिली नव्हती. तिचा तराजू घरात कोपऱ्यात नसे, दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला उघड्यावर टांगलेला असे. घागरीत चिखल वाळून बसला असला तर इतर ओतारी अंदाजाने वजन कापीत. नागदत्ता घागर उलटी करून विकणाऱ्यासमोर ठोकी, चिखल पाडी आणि मग ती पारड्यात ठेवी. ती गोड बोलणारी नव्हती. गाडी उशिरा आली तर रागवे. शिशाचा डाग लावून सांधलेले भांडे कोणी चांगल्या मालात दडवले तर ते बाहेर काढून सर्वांना दाखवी. तरी तिच्या दारातून परतताना आपण फसलो असे कोणाला कधी वाटले नाही.

एका वर्षी शूर्पारकाच्या बंदरात दूरदेशीची गलबते लागली. त्यांत तांब्याच्या लगडी भरल्या होत्या. बैलांचे तांडे त्या लगडी लादून घाट चढले आणि पोतलीत येऊन पोचले. नवे, स्वच्छ तांबे इतके स्वस्त झाले की जुनी मोड घासूनपुसून वितळवण्याची कोणाला गरज राहिली नाही. महिन्याभरात मोडीचा भाव निम्म्यावर आला आणि पुढच्या महिन्यात त्याच्याही खाली गेला. पाच ओताऱ्यांनी वस्तीच्या गाड्या दारातूनच परतवून लावल्या. सहावा नाही म्हणत नसे, पण दिवसभर उन्हात ताटकळत ठेवी आणि दिवस मावळताना उद्या या म्हणून सांगे.

सुदंत नागदत्तेच्या दाराशी आला, तेव्हा तिने त्याला बैल सोडू दिले नाहीत.

“सुदंता, आधी ऐकून घे,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला दिला तो भाव आता मला झेपत नाही. पुढच्या खेपेला याहूनही कमी देईन. दार मात्र बंद करणार नाही. मी देते त्यात तुमचे भागत नसेल तर खुशाल दुसरीकडे जा. मला राग येणार नाही.”

सुदंताने तिचे ऐकून घेतले आणि बैल सोडले.

अशात सागरक नावाचा एक व्यापारी नगरात आला. उत्तर वेशीजवळ त्याने मोठे आवार घेतले आणि एके दिवशी तो स्वतः वस्तीत आला. बाजेवर बसून त्याने सर्वांची विचारपूस केली, मुलांना गूळ वाटला. मग त्याने सांगितले की नागदत्ता देते त्याहून मी चौथाईने जास्त देईन, आणि सगळा माल घेईन. अट एवढीच, की वस्तीतल्या कोणीही नागदत्तेला माल घालायचा नाही.

सुदंताने विचारले, “श्रेष्ठी, भाव पडत असताना तुम्ही जास्त कसे देता?”

सागरक म्हणाला की माझी कोठारे मोठी आहेत, भाव चढेपर्यंत मी थांबू शकतो.

“मग थोडा माल नागदत्तेकडे गेला तर तुमचे काय बिघडते?”

यावर सागरक नुसता हसला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती पिंपळाखाली जमली. सुदंताचा मेहुणा पिंगल सर्वांच्या वतीने बोलायला उभा राहिला. पिंगल सरळ मनाचा आणि कष्टाळू होता. त्याला लोभी कोणी म्हटले नसते.

“दाजी,” तो म्हणाला, “नागदत्तामाई चांगली आहे हे मीही जाणतो. पण चांगुलपणा चुलीवर शिजत नाही. माझ्या घरी आठ तोंडे आहेत.”

पिंगल म्हणाला ते खोटे नव्हते, आणि सुदंताने ते मान्य केले. मग त्याने लोकांना तापाच्या साथीच्या वर्षाची आठवण करून दिली. त्या वर्षी वस्तीत घरटी एक माणूस दगावला होता. नगराच्या दरवाजावर त्यांना अडवीत, आणि त्यांच्या हातची मोड कोणी शिवतसुद्धा नसे. तेव्हा नागदत्ता तराजू खांद्यावर टाकून वेशीबाहेर आली होती. लोकांनी तिला हटकले, तेव्हा भट्टीत गेल्यावर सगळे शुद्ध होते, एवढेच ती म्हणाली होती. त्या वर्षी मोड विकली गेली नसती तर तापाने वाचले ते भुकेने गेले असते.

“ते ती उपकार म्हणून बोलून दाखवीत नाही,” सुदंत म्हणाला, “म्हणून आपण विसरावे असे नाही. आता तिची पडती वेळ आहे. सागरकाला तिची भट्टी विझवायची आहे. ती विझली की या नगरात मोड घेणारा तो एकटाच उरेल, आणि मग भाव तो सांगेल तो. मी तिलाच माल घालणार. पण माझ्या मताने कोणाचे पोट भरणार नाही. ज्याला जायचे त्याने जावे. जाणाऱ्याला वस्तीत कोणी टोचून बोलायचे नाही.”

वीस घरे सागरकाकडे गेली. दहा सुदंताबरोबर राहिली.

घरी त्याची बायको सामा दळत होती. ती म्हणाली, “माझा भाऊ चुकला असे मला वाटत नाही. तुम्ही हे त्या बाईसाठी करता, की चार लोकांत आपला शब्द राहावा म्हणून?”

सुदंत हा प्रश्न मनात घेऊन गाडीबरोबर निघाला. दिवसभर गावे हिंडताना तो मनाशी विचार करीत राहिला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तो सामेला म्हणाला, “थोडा मान माझ्या मनात आहे, ते खरे. पण तिची भट्टी थंड पडलेली डोळ्यांसमोर आणली, की मला मान आठवत नाही, ती आठवते.” सामेने त्याच्या ताटात आपली अर्धी भाकरी वाढली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ते दिवस फार कठीण गेले. वीस घरांचा माल गेल्याने नागदत्तेची भट्टी एक दिवसाआड पेटू लागली. तिच्याकडच्या बारा कामकऱ्यांपैकी कोणाला काढायचे, हे तिला ठरवता येईना. सुदंत तिच्या अंगणात बसून पाहत असे की कामकऱ्यांचा अर्धा दिवस मोड निवडण्यातच जातो. तांबे, पितळ आणि कासे वेगळे करायचे, शिशाचे डाग उकरून काढायचे, आणि एखादा तुकडा चुकून राहिला तर मुशीत वितळलेला सगळा धातू वाया जायचा. एके दिवशी तो तिला म्हणाला, “माई, हे काम आम्ही वस्तीत करून आणले तर?”

तेव्हापासून दहाही घरे माल निवडून, ठोकून, डाग काढून आणू लागली. म्हाताऱ्या माणसांनाही बसल्या जागी काम मिळाले. नागदत्तेचा कोळसा वाचला. निवडलेल्या मालाला ती थोडे जास्त देऊ लागली. गावोगाव हिंडताना सुदंताने आणखी एक गोष्ट हेरली होती. हंडे घेण्याची लोकांची ऐपत राहिली नव्हती, पण बैलांच्या गळ्यातल्या घंटा मात्र शेतकरी शोधीत होते. त्याने हे सांगितले, तेव्हा नागदत्ता मोठ्या भांड्यांचे साचे बाजूला ठेवून घंटा ओतू लागली. कोणी श्रीमंत झाले नाही. वस्तीत पुष्कळदा एकवेळच चूल पेटे. पण भट्टी विझली नाही आणि बाराही कामकरी कामावर राहिले.

पाच महिने असे गेले. सागरकाने भाव चढण्याची वाट पाहिली, पण बंदरात गलबते येतच राहिली. त्याची कोठारे छपरापर्यंत भरली. एके सकाळी वीस गाड्या त्याच्या आवाराशी गेल्या, तर दरवाजाला अडसर होता. द्वारपालाने सांगितले की कोठारे सावकारांनी ताब्यात घेतली, श्रेष्ठी रातोरात निघून गेले, कुठे ते मला ठाऊक नाही. गाड्या दुपारपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग पिंगलाने आपली गाडी वळवली आणि बाकीचे त्याच्या मागून वस्तीत परत आले.

पिंगल सुदंतापुढे आला आणि आम्हाला पुन्हा नागदत्तेकडे माल घालू द्या म्हणाला. तेव्हा राहिलेल्या दहा घरांतली कण्हा नावाची म्हातारी पुढे झाली. तिचा मुलगा त्या उन्हाळ्यात अशक्तपणाने अंथरुणाला खिळला होता.

“आम्ही अर्ध्या भाकरीवर दिवस काढले,” ती म्हणाली. “आताच्या मंदीत तीस घरांचा माल नागदत्तेला खपवता येणार नाही. हे आत आले तर आमची तीही भाकरी जाईल. यांनी तिला सोडले, तिने आता यांना का घ्यावे?”

तिचे म्हणणेही खोटे नव्हते. सुदंताने ते ऐकून घेतले आणि पिंगलाला घेऊन तो नागदत्तेकडे गेला.

नागदत्ता साच्याला माती लावीत होती. तिने सगळे ऐकले. “मी त्यांना घालवले नव्हते,” ती म्हणाली. “येऊ देत. पण खरे ते सांगते. सगळ्यांचा माल घ्यायचा तर भाव सगळ्यांचाच उतरेल. तो घाटा राहिलेल्या दहा घरांना सोसावा लागेल. त्यांना विचारून ये. त्यांच्या वतीने मी हो म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.”

सुदंत परत आला आणि दहा घरांसमोर त्याने तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले. मग तो म्हणाला, “आपण तिला धरून राहिलो, ते ती पडत्या काळात माणसाला टाकत नाही म्हणून. तिच्याकडून शिकलो ते आपल्याच भाऊबंदांवर वापरायचे नसेल, तर आपण नुसते भट्टीला चिकटून राहिलो असे होईल. पण उपाशी राहणाऱ्याने ठरवायचे आहे. कण्हाबाई म्हणतील ते मी मानीन.”

पिंगल खाली बसला होता. शेवटी कण्हा उठली. तिची गाडी वस्तीच्या वाटेवर आडवी उभी होती. तिने बैलांचे कासरे धरून ती गाडी बाजूला घेतली आणि वाट मोकळी केली. पिंगलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या दिवशी तीसही गाड्या एका रांगेत नागदत्तेकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पिंगल कण्हाच्या मुलाची फेरी आपल्या फेरीबरोबर करू लागला आणि तो मुलगा बरा होईपर्यंत त्याच्या वाट्याची मोड तिच्या दारी आणून टाकीत राहिला.

पुढच्या वर्षी गलबते आली नाहीत. नवे तांबे महागले आणि मोडीचा भाव पुन्हा चढला. तो किती चढला हे वस्तीला कळण्याआधी नागदत्तेने आपण होऊन वाढवून दिला. ज्यांनी गाड्या परतवून लावल्या होत्या ते पाचही ओतारी वस्तीत आले आणि तिच्याहून जास्त देऊ लागले. त्यांना पिंगलाने पाणी दिले, बसायला घोंगडी दिली आणि हात जोडून सांगितले की आमचा माल कुठे जायचा ते ठरलेले आहे.

त्याच हिवाळ्यात एक थकलेला माणूस डोक्यावर गाठोडे घेऊन नागदत्तेच्या दाराशी रांगेत उभा राहिला. गाठोड्यात त्याच्या घरची भांडी होती. लोकांनी त्याला ओळखले. तो सागरक होता. रांगेत कुजबुज सुरू झाली, तेव्हा सुदंत आपल्या जागेवरून उठला, त्याने सागरकाचे गाठोडे उतरवायला हात लावला आणि त्याला आपल्या पुढे उभे केले. नागदत्तेने त्याला त्या दिवशीचा भाव दिला. इतरांना दिला तोच.

आम्रवनातल्या विहारात बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी ही कथा भिक्षूंना सांगितली. त्या वर्षी दुष्काळ पडला होता. एका गरीब गावातल्या वृद्ध स्थविरांना सोडून पुष्कळ भिक्षू संपन्न गावांकडे निघून गेले होते आणि आता परत आले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले,

“भाव येई, भाव जाई, पाण्यावरचा तरंग;
पडत्या काळी सोडू नये चढत्या काळाचा संग.”

मग त्यांनी त्या जन्मीच्या माणसांची ओळख पटवून दिली. “भिक्षूंनो, तेव्हाची नागदत्ता म्हणजे आजचे हे वृद्ध स्थविर. कण्हा म्हणजे दुष्काळातही त्यांना घास घालणारी त्या गावची कुंभारीण. पिंगल आणि त्याची वीस घरे म्हणजे तुम्ही परत आलेले. सुदंत मीच होतो.”

सागरक कोण, हे शास्त्यांनी सांगितले नाही. सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या एका भिक्षूने मान खाली घातली. शेजारच्याने सरकून त्याला जवळ बसायला जागा करून दिली.

ही अधिष्ठान पारमितेची, म्हणजे दृढ निश्चयाच्या पूर्णतेची कथा आहे. धरलेले चांगले न सोडणे आणि सोडून गेलेल्यालाही वाट मोकळी ठेवणे, हे अधिष्ठान.