गणपतीचं पान

“नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर पानं! सगळ्या पंगती सारख्या! एकही पान उरता कामा नये!” महिपतराव महाराजांनी फर्मावलं.

शेजारच्या राज्यातल्या लग्नात महाराज स्वतःच उरले होते. शेवटच्या पंगतीत एकटेच जेवले होते. राजकन्येच्या लग्नात तसं कोणाचंही होऊ नये, हा त्यांचा हट्ट.

पानं मांडायचं काम रखमाजीकडे होतं. त्याने चिंचोके घेऊन पंगती मांडून पाहिल्या. शंभराच्या केल्या, त्र्याहत्तर उरले. पन्नासाच्या केल्या, तेवीस उरले. बाराच्या केल्या, एक उरला.

“उद्या दुपारपर्यंत जमव, नाहीतर बाडबिस्तरा घेऊन राज्याबाहेर जा!” महाराजांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी रखमाजी दरबारात आला. बरोबर त्याची मुलगी सगुणा होती. एका कोपऱ्यात चार कारकून भागाकार करत बसले होते.

“कुठवर आलात?” सगुणाने विचारलं.

“चार हजार अकरा.”

“शंभरावर थांबायचं होतं. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार. पंगती शंभराहून जास्त केल्या, तर एकेका पंगतीत शंभराहून कमी पानं येणार. ते आकडे तर तुम्ही आधीच तपासलेत.”

कारकुनांनी लेखण्या खाली ठेवल्या.

“महाराज, या संख्येला एकाने भाग जातो, नाहीतर तिने स्वतःनेच. एकच लांब पंगत चालेल?”

“मीठ वाढणारा टोकाला पोचेपर्यंत लोक हात धुऊन उठतील!”

“एखादा पाहुणा कमी करता येईल?”

“निमंत्रणं गेली! मी स्वतः मोजली आहेत!”

“मग जमणार नाही.”

“मग बाडबिस्तरा बांधा!”

रखमाजी खाली बघू लागला.

“बांधतो,” सगुणा म्हणाली. “जाता जाता एक विचारते. पहिली अक्षत कोणाला दिलीत?”

“गणपतीला! हे काय विचारणं झालं?”

“ती मोजणीत धरलीत?”

“अर्थात! मी एकही सोडलेली नाही!”

“मग गणपती पंगतीत बसणार का?”

“तो कसा बसेल?” महाराज म्हणाले.

“त्याचं पान देवळात,” सगुणा म्हणाली. “उरली नऊ हजार नऊशे बहात्तर. छत्तीस पंगती, प्रत्येकीत दोनशे सत्त्याहत्तर पानं.”

एका कारकुनाने गुणाकार केला. “बरोबर आहे. आणि छत्तीस म्हणजे शंभराच्या आतच,” तो पुटपुटला.

महाराज इतके हसले की त्यांची पगडी कानावर आली. “रखमाजीला जरीचं मुंडासं बांधा! आणि या पोरीचं पान माझ्या शेजारी मांडा!”

“नको महाराज,” सगुणा म्हणाली. “परत एक पान जास्त होईल. माझं गणपतीशेजारी मांडा. तिथे मोदकही जास्त असतात.”