अर्ध्या दाढीचा कायदा

कळसवाडीच्या हैबती न्हाव्याच्या दुकानाला टाळे लागले, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला शिंक आली.

शिंकणे हा गुन्हा नव्हता. हैबतीने वस्तरा चटकन गळ्यापासून दूर नेला, हा गुन्हा होता. कारण तेव्हा नगाऱ्यावर पहिला ठोका पडून गेला होता.

राजे रायाजीरावांनी नुकताच नवा कायदा केला होता. राजघराण्यातले कोणीही वाड्याबाहेर पडले की नगाऱ्यावर एक ठोका पडायचा. तो ऐकला की सगळ्या गावाने आपापला हात जागच्या जागी थांबवायचा. हातात जे असेल ते तसेच धरून ठेवायचे. स्वारी परतली की नगारजीने दुसरा ठोका द्यायचा. मग हात हलवायला मोकळीक. राजे स्वतः आणि स्वारीबरोबरचे भोई, शिपाई तेवढे वगळलेले. तोंडाने बोलायला हरकत नव्हती, पण कायद्याविरुद्ध बोलायला होती.

राजांना हा कायदा फार आवडला होता. पालखीतून पाहताना सगळे गाव भिंतीवरच्या चित्रासारखे दिसे. हलवायाची जिलबी कढईत कोळसा होई आणि कुंभाराचे मडके चाकावर बसून जाई; पण पालखीतून तसले काही दिसत नसे.

हैबती दरबारात उभा राहिला.

"महाराज, हात मागे घेतला नसता तर गिऱ्हाइकाचा गळा कापला गेला असता."

"पण हात हलला नसता," राजे म्हणाले.

"ते खरे."

"म्हणजे कायदा वाईट आहे असे तुझे म्हणणे?"

"मी कसे म्हणेन, महाराज? म्हणायला बंदी आहे."

दोन-चार दरबाऱ्यांनी खोकल्यासारखे केले. राजांच्या कपाळावर आठी उमटली.

"ठीक आहे. हा कायदा चुकीचा आहे असे माझ्याच तोंडून वदवून घे. तू मात्र कायद्याविरुद्ध एक अक्षर काढायचे नाहीस. अमावास्येपर्यंत जमले तर टाळे काढतो. नाही जमले तर हत्यारांची धोपटी उचलायची आणि गाव सोडायचे."

हैबतीचा बाप, आजा, पणजा याच गावात दाढ्या करत आले होते. दुसऱ्या गावांना आपापले न्हावी होतेच. तिथे याला कोण उभे करणार?

त्याने थोडा विचार केला. "मग एक विनंती आहे. येत्या बुधवारी सकाळी महाराजांची दाढी मला करू द्या."

"बुधवारीच का?"

"राणीसाहेब त्या दिवशी माहेरी निघणार आहेत, असे गावात ऐकले. वाड्यात जरा निवांतपणा असेल."

यात राजांना काही वावगे दिसले नाही.

बुधवारी राजे चौरंगावर बसले. हैबतीने कोमट पाण्याने दाढी भिजवली, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि डावा गाल गुळगुळीत केला. शेजारी चिटणीस रोजची आज्ञापत्रे लिहीत होते. खाली राणीसाहेबांची पालखी उचलली गेली.

हैबतीने राजांची हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याला लावला.

नगाऱ्यावर ठोका पडला.

हैबतीचा हात थांबला. चिटणिसांची लेखणी हवेत थांबली. पंख्याची दोरी ओढणाऱ्याने दोरी ओढलेलीच ठेवली.

"चालू दे," राजे म्हणाले.

"ठोका पडला, महाराज."

"मग वस्तरा तरी काढ."

"त्याला हात हलवावा लागेल. मागच्या खेपेला हलवला तर टाळे लागले."

राजांनी मान न हलवता डोळे चिटणिसांकडे वळवले. "राणीसाहेब परत कधी येणार?"

"धाकट्या बंधूंचे लग्न आहे, महाराज. महिना तरी लागेल. आग्रह झाला तर दीड."

चिटणिसांच्या लेखणीतून शाईचा एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"मी हा कायदा आत्ता रद्द करतो," राजे म्हणाले. "चिटणीस, लिहा."

"लिहितो, महाराज. दुसरा ठोका पडला की लगेच."

"मग दवंडी पिटवा!"

"दवंडीवाला खाली चौकात आहे," चिटणीस म्हणाले. "टिपरू वर धरून उभा आहे. इथून दिसतोय."

"राणीसाहेबांना निरोप पाठवा. माघारी या म्हणावे."

"घोडेस्वार तयार आहे, महाराज. त्याचा हात लगामापर्यंत पोचायचा राहिलाय."

राजांच्या नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. ती बसली, चालली, पुन्हा बसली. हाकलायला कोणाचाच हात मोकळा नव्हता. राजांचा होता, पण वस्तऱ्यापाशी तो उचलायची त्यांची तयारी नव्हती.

शेवटी राजे ओरडले, "अरे, असला चुकीचा कायदा कोणत्या मूर्खाने केला?"

चिटणीस छताकडे पाहू लागले.

"महाराज," हैबती अदबीने म्हणाला, "त्याच्याबद्दल बोलायची आम्हाला बंदी आहे."

राजांच्या मिशा थरथरल्या.

"हसू नका, महाराज. वस्तरा हलणार नाही, पण आपण हलाल."

राजांनी श्वास रोखला. पोट आत घेतले, पाठ मागे झुकवत झुकवत ते वस्तऱ्याखालून सरकले आणि चौरंगावरून जमिनीवर उतरले. तिथे बसून त्यांनी पोटभर हसून घेतले. मग अर्धी दाढी आणि गळ्यातला पंचा तसाच घेऊन ते स्वतः नगारखान्याचा जिना चढले, कारण गावात मोकळा हात तेवढा त्यांचाच होता. नगारजी त्यांना पाहून मुजरा करणार होता, पण त्याने केला नाही. राजांनी दोन्ही मुठींनी नगारा बडवला.

गावाने हात खाली घेतले.

परत आल्यावर राजे चौरंगावर बसले. "टाळे काढले. कायदाही काढला. आता तुला काय हवे ते माग."

"महाराज, यापुढे कोणताही नवा कायदा केलात तर गावात दवंडी देण्याआधी तो आठ दिवस वाड्यात पाळून बघावा."

चिटणिसांचा चेहरा पडला. राजे मात्र पुन्हा हसू लागले. हसता हसताच त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून हैबतीच्या हातात घातले.

"दिले! लिहा हो, चिटणीस. आता तुमचा हात मोकळा आहे."