वेशीत सांगितलेलं खोटं

एकदा काय झालं, एका राज्यात भाऊ भावावर उठला. घरोघरी कोयत्यांना धार लागली. लोक म्हणतात, राजाच्या दोन पोरांचं भांडण. खोटं हो! राजपुत्र मागाहून घोड्यावर बसले. लढाई सुरू झाली वेशीतल्या तोरणाखाली, एका गरीब माळणीच्या तोंडून. सांगते. आधी लाथा मारणं बंद करा एकमेकांना.

त्या राज्याचे दोन भाग, बरं का. वर माथा, खाली खोरं. पोळ्याला मानाची बैलजोडी वेशीतून पहिली जायची. पांढरा बैल माथ्याचा, काळा खोऱ्याचा. एका वर्षी पांढरा उजवीकडे, दुसऱ्या वर्षी काळा. उजवीकडचा मान मोठा ना! पण गेल्या साली कोण होतं, हे ज्याला त्याला आपल्याच सोयीचं आठवायचं. म्हणून पाळी कुणाची ते तोरण बांधणारी हौसा माळीण सांगायची. तिची थोरली लेक सगुणा माथ्यावर दिलेली, धाकटी बायजा खोऱ्यात. तिला दोन्ही डोळे सारखे, म्हणून तिचा शब्द सगळे मानायचे. पोळ्याला दोघी माहेरी यायच्या, गळ्यात गळे घालून बसायच्या. हौसा त्या एका दिवसासाठी वर्ष काढायची.

मग एका वर्षी पाळी होती काळ्याची. सगुणा आदल्या दिवशीच आली, तोंड एवढंसं करून.

"आई, यंदा पांढऱ्याची पाळी म्हण. मान आला नाही तर हे मला घरात घेणार नाहीत."

"अगं, पाळी बायजाच्या गावाची आहे."

"तुझ्या शब्दापुढे कोण बोलतंय?"

आईचंच काळीज ते. विरघळलं.

मग पोळ्याच्या सकाळी हौसा पांढऱ्याला बाशिंग बांधायला गेली. तर बैल बोलला, "हौसा, गेल्या साली उजवीकडे मीच होतो."

"गप रे," हौसा म्हणाली.

मग झूल घालताना बोलला, "अजून वेळ गेली नाही."

तिनं कानांवरून पदर घेतला. मग नवी वेसण घालताना तिसऱ्यांदा बोलला, "मला नको हा मान. माणसं मरतील."

हौसानं त्याच्या तोंडात पुरणपोळी कोंबली. जनावराला जे कळतं ते माणसाला कळेल तर ना!

मग सगळं राज्य वेशीत जमलं. हौसा म्हणाली, "पाळी पांढऱ्याची."

बायजाचा नवरा पुढे आला. "मामी, नीट आठवून सांगा."

"पांढऱ्याचीच."

पण पांढरा जागचा हलेना. सगुणाच्या नवऱ्याला राग आवरला नाही, त्यानं चाबूक उगारला. पोळ्याच्या दिवशी, बैलावर चाबूक! बायजाचा नवरा आडवा गेला आणि फटका बसला त्याच्या तोंडावर. रक्त आलं. बस, एवढंच. लोकांनी तोरणाचे बांबू उपटले आणि एकमेकांच्या डोक्यात घातले. "मी खोटं बोलले!" हौसा ओरडत होती. ढोल वाजत होते, तिचं कोण ऐकतंय?

मग एक राजपुत्र माथ्याचा झाला, दुसरा खोऱ्याचा. पहिल्या वर्षी गावं जळली. दुसऱ्या वर्षी शेतं पडीक राहिली. तिसऱ्या वर्षी दोन्ही जावई एकाच ओढ्याकाठी पडले. लढायला माणसंच उरली नाहीत, तेव्हा कुठे राजपुत्रांनी तह केला. फार मोठं मन हो त्यांचं!

मग दोघी लेकी कुंकू पुसलेल्या कपाळानं आईकडे आल्या. हौसानं पिठलं-भाकरी वाढली आणि पोळ्याला जे झालं ते सगळं सांगितलं. सगुणानं मान खाली घातली. बायजानं हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला, चपला घातल्या.

हौसा म्हणाली, "येते म्हण गं, बायजा."

बायजा उंबऱ्यापाशी थांबली. "जाते, आई," म्हणाली आणि गेली.

पुढे पाऊसपाणी बरं झालं, एक राजा ठरला, मागे उरलेली माणसं सुखानं नांदली. हौसाही नांदली म्हणायचं.

काय रे? बायजा परत आली का?

नाही, बाळा. सरली गोष्ट. ये, इकडे सरक आणि झोप.