लिंबाजीने कॉम्प्युटर राखले

हळदीच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं तर दाराकडेच बघत बसायचा, मग खिडकीतून शेळी आत का येईना. अशा माणसाला हळद संघाने कॉम्प्युटर राखायला ठेवलं. संघातली मंडळीही काही कमी नव्हती.

संघाचे कॉम्प्युटर तीन. पहिल्यात बाराशे शेतकऱ्यांची यादी, कोणाला हळदीचं किती बेणं द्यायचं त्याची. दुसऱ्यात त्याच यादीची नक्कल. तिसरा लिंबाजीपुढे.

व्यवस्थापक खरबडेबाई म्हणाल्या, "महिनाभर नीट सांभाळलंत तर कायम करते. नाहीतर घरी बसा. आणि सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची खूणगाठ बांधा."

लिंबाजीने लगेच खिशातून रुमाल काढला.

इंजिनिअर वसीम आला. कॉम्प्युटर सुरू होतानाच पासवर्ड विचारेल, अशी त्याने सोय केली. "भाऊ, पासवर्ड न सांगणाऱ्याला आत घ्यायचं नाही. मग तो कोणी का असेना."

"व्हय," लिंबाजी म्हणाला. रुमालाला पहिली गाठ बसली.

दुसऱ्या दिवशी संघाचे अध्यक्ष आले. लिंबाजी दारात आडवा.

"पासवर्ड?"

"अहो, मी अध्यक्ष."

"ते दिसतंय की साहेब. पासवर्ड सांगा."

अध्यक्ष तासभर उन्हात वाळले. खरबडेबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो लिंबाजी, ओळखीचं कोणी आलं की मुकाट्याने आत घ्यावं." दुसरी गाठ.

मग ओळखीचा व्यापारी आला, त्याच्या ओळखीचा पेनड्राइव्ह घेऊन. पोराच्या लग्नाचे फोटो दाखवायचे होते. लिंबाजीने दोघांनाही आत घेतलं. फोटोंमागून व्हायरसही आला आणि कॉम्प्युटर दिवसभर अंगात आल्यासारखा वागला.

वसीमने तो साफ केला आणि पेनड्राइव्ह लावायच्या जागा आतूनच बंद करून टाकल्या. "भाऊ, बाहेरची वस्तू आत जाऊ द्यायची नाही. बास." तिसरी गाठ.

गुरुवारी बैठक होती. हॉटेलातून गरम भजी आली. अध्यक्षांनी एक भजं उचललं, तोंड उघडलं, आणि लिंबाजीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बाहेरची वस्तू हाय साहेब."

भजी थंड झाली, अध्यक्ष तापले. खरबडेबाई दात आवळून म्हणाल्या, "शंका आली तर आधी झाकण काढून आत बघावं, लिंबाजी. असं अंगावर जाऊ नये." चौथी गाठ.

त्याच दुपारी लिंबाजीला शंका आली, की यादी नीट आहे ना? त्याने पेचकस घेतला आणि पहिल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं. बाराशेतलं एकही नाव दिसेना, नुसती धूळ. वर कॉम्प्युटर पीप पीप करत जो बंद पडला तो सुरूच होईना. वसीम जेवण टाकून धावत आला आणि त्याने तो पुन्हा सुरू केला.

"भाऊ, झाकण उघडलं की त्याला वाटतं चोर आला. तुम्ही नका उघडू. खरंच कॉम्प्युटर फाटकाबाहेर गेला, तर तुमच्या कॉम्प्युटरवरून हे बटण दाबा. तो कुठंही असू दे, नेटला लागला की आतलं सगळं पुसलं जाईल. चोराच्या हाती काही लागणार नाही."

लिंबाजीला हे फार आवडलं. पाचव्या गाठीनंतर रुमालात नाक शिंकरायलाही जागा उरली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बेणं मंजूर व्हायचं तर मूळ कॉम्प्युटरवरच यादी दाखवा, असा जिल्ह्याच्या साहेबांचा हट्ट. खरबडेबाई पहिला कॉम्प्युटर घेऊन जीपने निघाल्या. लिंबाजीनेच तो उचलून जीपमध्ये ठेवला, खाली पोतंसुद्धा घातलं. जीप फाटकाबाहेर गेली.

जिल्ह्याला कॉम्प्युटर नेटला लावला. साहेबांनी चष्मा लावला. पडदा कोरा करकरीत.

खरबडेबाईंनी लगेच फोन केला. "लिंबाजी, यादी कुठंय?"

"पुसली, बाई. फाटकाबाहेर गेली न्हवं? चोराच्या हाती काय बी लागायचं न्हाई."

"अहो, चोर कुठला? मी घेऊन आलेय." बाईंनी मोठा श्वास घेतला. "असो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नक्कल आहे ना? ती पाठवा."

"तिच्यावर तर आधी करून बघितलं, बाई," लिंबाजी अभिमानाने म्हणाला. "बटण चालतंय का न्हाई, भरवसा नको? म्हणून दुसरा कॉम्प्युटर म्या स्वतः डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर नेला, समोरच्या दुकानात नेटला लावला अन् पुसून बघितला. झ्याक पुसला गेला, तवाच तुमच्याला हात लावला."