कोंडाईची रुसलेली वाडी

या गं, शिरा पांघरुणात. पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

फार वर्षांमागं काय झालं, डोंगराच्या कुशीत एक होती कोंडाई. तिची इवलीशी वाडी होती. वाडीत आंबे, एक फणस, मोगऱ्याचं आळं. गोठ्यात तांबू गाय, बांधावर शेळी, अंगणात तुरेवाली कोंबडी. आणि घरात एकुलती एक लेक, शेवंता. ती झाडांना पाणी घालायची, गाईशी गुजगोष्टी करायची. मग शेवंताचं लग्न झालं आणि ती डोंगरापलीकडं नांदायला गेली.

गेली ती गेलीच, बरं का. दिवाळी झाली, संक्रांत झाली, लेक काही माहेरी आली नाही.

मग आला चैत्र. साऱ्या गावात आला. पळस फुलला, कैऱ्या लोंबायला लागल्या. पण कोंडाईच्या कुंपणापाशी आला आणि तिथंच थांबला! आत एक पान फुटेना. कोंबडी अंड्यांवर बसेना, तांबू दूध देईना. कोंडाईनं शेणखत घातलं, घागरी ओतल्या. शेवटी मोगऱ्यापाशी बसली नि म्हणाली, "अरे, तुम्हाला झालंय तरी काय?"

आणि मोगरा बोलला! "आमची शेवंता कुठाय?"

कोंडाईच्या डोळ्यांना धार लागली. हेच तिलाही रोज विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला?

"मी आणते तिला," कोंबडी म्हणाली. निघाली तुरुतुरु. पहिल्याच वळणावर दिसलं मुंगूस, तशी पंख फडफडवत परत! मग शेळी गेली. वाटेत कोवळा पाला लागला. खाता खाता आपण कशाला निघालो तेच ती विसरली. पोट टम्म करून घरी आली.

मग उठली तांबू. म्हातारी, एका पायानं लंगडी.

"तू नको गं बाई," कोंडाई म्हणाली. "डोंगर चढवणार नाही तुला."

"तर मग तूही चल. एकमेकींच्या आधारानं जाऊ."

 लेकीच्या घरी बोलावल्यावाचून कसं जायचं, म्हणून कोंडाई आजवर बसून होती. आणि खरं सांगू? तिला भीती वाटत होती. लेकीला आपली आठवणच येत नसली तर? पण तांबू चालायला लागली, मग कोंडाईही निघाली.

डोंगर चढल्या, डोंगर उतरल्या. शेवंता अंगण सारवत होती. गाय दिसली तशी शेणाच्या हातांनीच तिच्या गळ्यात पडली. मग आईच्या. 

दारात सासू उभी होती, आवडाई.

"लेकीला चार दिवस धाडा, विहीणबाई," कोंडाई म्हणाली.

"नाही धाडायची."

"का हो?"

"लेक माझा गलबतावर गेलाय. ही गेली की घरात मी एकटी. आणि माहेरी गेल्यावर परत यावंसं कुणाला वाटतं? मी लग्न होऊन आले ती परत गेलेच नाही. आता तिथं मला हाक मारायलाही कुणी उरलं नाही."

 कोंडाई चांगली भांडायच्या तयारीनं आली होती. पण हे ऐकलं आणि राग कुठं गेला, तिचं तिलाच कळेना.

"मग तुम्हीही चला," ती म्हणाली. "माहेरी."

"कुणाच्या?"

"तुमच्याच. माझं घर ते तुमचं माहेर."

आवडाईनं पदरानं डोळे पुसले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

मग तिघी आल्या, पुढं तांबू. शेवंतानं वाडीचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं. तिच्या मागोमाग चैत्र आत शिरला, बाई! मोगरा कळ्यांनी भरला, फणसाला इवल्या कोवळ्या कुयऱ्या धरल्या, कोंबडी अंड्यांवर जाऊन बसली. आणि आवडाई? ती सगळ्यांत आधी विहिरीवर गेली. लहान पोरीसारखी खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली.

चार दिवस भुर्रकन गेले. निघताना कोंडाईनं दोघींच्या पदरात कैऱ्या घातल्या. वाटेला लागलेली आवडाई मागं वळली. हळूच म्हणाली, "पुढच्या चैत्रात मला हाक माराल ना?"

"अहो, माराल काय म्हणता? माहेरी कुणी असं विचारतं का?"

तेव्हापासून दर चैत्रात दोघी येत आणि चौथ्या दिवशी जात. त्या दिसेनाशा होईपर्यंत कोंडाई वाटेकडं बघत उभी राही. मग डोळे पुसून झाडांना पाणी घालायला जाई. अशा त्या सगळ्या सुखात राहिल्या.

झालं. आता बोलायचं नाही. इकडं कूस करा नि मिटा डोळे.