माझं बीळ मला मिळेना

झाली का कटकट सुरू? ताटं उचलली नाहीत अजून, तोच "गोष्ट सांगा, गोष्ट सांगा!" घसा आहे की रेडिओ? बरं, ऐका. ए, बोट नाकातून काढ आधी. आणि मध्येच "मग? मग?" करायचं नाही. मग काय झालं, तेच सांगणार आहे ना!

एक होता खेकडू. एवढासा. नाही, त्याहून लहान. हरभऱ्याएवढा.

तो राहायचा काचेच्या पेटीत. पेटी केवढी? पलंगाएवढी! आत पाणी खारं, समुद्रासारखं. पाण्यात मासे. रंगीत रंगीत पोवळी. आणि एक मोठ्ठा दगड. दगडात एक बीळ. बीळ कुणाचं? खेकडूचं. आत पाय दुमडून बसायचं, डोळे तेवढे बाहेर ठेवायचे. मजेत होता.

एक दिवस पेटी निघाली नव्या घरी. पाणी गेलं पिंपात. मासे गेले पिशवीत. पोवळी गेली डब्यात. दगड गेला घमेल्यात, ओल्या गोणपाटाखाली. सगळं चढलं टेम्पोत. धडाड धुडूम! धडाड धुडूम!

वाटेत आला खड्डा. दगड उलटला. खेकडू पडला गोणपाटात, पट्‌!

नव्या घराच्या अंगणात घमेलं उतरलं. खेकडू बाहेर येऊन बघतो तर काय, बीळ खाली दाबलेलं! आत शिरता येईना. वर ऊन रणरणतंय. खेकडूची पाठ सुकायला लागली. पाण्यातला जीव तो. उन्हात किती टिकणार?

खेकडू म्हणाला,
"दगडदादा, दगडदादा, वळ ना!
माझं बीळ मला मिळेना!"

दगड म्हणाला, "मी नाही वळत. कोरड्यात मी जडच्या जड. पाण्यात उतरलो की हलका होईन. जा, पाण्याला सांग."

खेकडू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

पाणी निळ्या पिंपात डुबुक डुबुक करत होतं.

"पाणीबाई, पाणीबाई, हल ना!
दगड वळेना,
माझं बीळ मला मिळेना!"

पाणीबाई म्हणाली, "मी नाही हलत. पिंपातून निघून जाऊ कुठं? अंगणात सांडू? जा, पेटीला सांग."

खेकडू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

पेटी टेम्पोत होती. या बाजूला गादी, त्या बाजूला गादी. नवरीसारखी बसली होती.

"पेटीताई, पेटीताई, उतर ना!
पाणी हलेना,
दगड वळेना,
माझं बीळ मला मिळेना!"

पेटी म्हणाली, "मी नाही उतरत. काचेची आहे मी. फुटले म्हणजे? जा, हमालाला सांग."

खेकडू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका.

म्हादू हमाल टेम्पोच्या सावलीत बसला होता. त्याचे चार गडीही बसले होते. म्हादू पानाला चुना लावत होता.

"म्हादूमामा, म्हादूमामा, उचला ना!
पेटी उतरेना,
पाणी हलेना,
दगड वळेना,
माझं बीळ मला मिळेना!"

म्हादू म्हणाला, "मी नाही उचलत. घराचं दार बंद. एवढं धूड खांद्यावर घेऊन काय अंगणात नाचू? जा, दाराला सांग." आणि पान घातलं तोंडात. कचाक!

खेकडू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. पाठ अजून सुकली. पाय जड झाले.

दार नवंकोरं होतं. रंगाचा वास येत होता. मिजास तर विचारू नका.

"दारोबा, दारोबा, उघडा ना!
हमाल उचलेना,
पेटी उतरेना,
पाणी हलेना,
दगड वळेना,
माझं बीळ मला मिळेना!"

दारोबा म्हणाले, "मी नाही उघडत. किल्ली शेवंताआत्याच्या कमरेला. जा, आत्याला सांग."

आत्या तिथंच पायरीवर बसली होती. घर तिचं, पेटीही तिचीच. पुढ्यात खोकीच खोकी. या खोक्यात हात घाल, त्या खोक्यात हात घाल. खुडबुड खुडबुड!

खेकडू पायरी चढला. आत्या ओरडली, "अगंबाई, झुरळ!" आणि उचलली की चप्पल!

"झुरळ नाही! खेकडू!
शेवंताआत्या, शेवंताआत्या, ऐक ना!
दार उघडेना,
हमाल उचलेना,
पेटी उतरेना,
पाणी हलेना,
दगड वळेना,
माझं बीळ मला मिळेना!"

आत्यानं चप्पल खाली ठेवली. पण म्हणाली, "मी नाही ऐकत. नव्या घरात आधी मीठ जातं. मग माणसं. मग सामान. आमच्या आईनं असंच केलं, तिच्या आईनं असंच केलं. मिठाची बरणी कुठल्या खोक्यात घातली, काही आठवेना बाई! मीठ सापडलं की दार उघडेन."

आता मिठाला कुठं जाऊन सांगायचं? खेकडू पायरीवरच बसला. अगदी हळू म्हणाला,

"मीठ सापडेना,
आत्या ऐकेना,
दार उघडेना,
हमाल उचलेना,
पेटी उतरेना,
पाणी हलेना,
दगड वळेना,
माझं बीळ मला..."

एक पायसुद्धा हलेना.

आत्याला वाटलं वाईट. तिनं त्याला बोटावर घेतलं. बघते तर काय, खेकडूची पाठ पांढरी! बोटालाही लागलं पांढरं पांढरं. आत्यानं बोट चाटलं.

"खारट! अगंबाई, मीठ! ह्याच्या पाठीवर मीठ!"

खारं पाणी उन्हानं वाळलं होतं. मागं काय उरणार? मीठच!

म्हादू हसायला लागला. "आत्या, पिंपभर खारं पाणी दारात उभं, आणि तुम्ही बरणी हुडकताय!"

"गप रे! तुला तरी कुठं सुचलं?" आत्या म्हणाली. आणि उठली चटकन.

मीठ सापडलं.
आत्यानं ऐकलं. किल्ली फिरली, खट्ट!
दार उघडलं. कर्रर्र!

घरात पहिला कोण गेला? खेकडू! आत्याच्या बोटावर बसून. मग आत्यानं त्याला वाटीभर खाऱ्या पाण्यात सोडलं. एक पाय हलला. दोन पाय हलले. सगळे हलले!

हमालानं उचललं. हुप्पा!
पेटी उतरली. ठप्प!
पाणी हललं. घळघळ घळघळ!
दगड वळला. गुडूप!

बीळ आलं वर. आत्यानं वाटी पेटीत कलती केली. खेकडू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. बिळात शिरला सुळ्ळकन! पाय दुमडले. डोळे तेवढे बाहेर.

"माझं बीळ मला मिळालं!"

झालं. खेकडूचं बीळ खेकडूला, तुमची गोष्ट तुम्हाला. उठा आता, ताटं उचला.

काय म्हणता? खेकडूला सगळं मिळालं? कुठं मिळालं! घरात मीठ नेलं त्यानं. बंद दार उघडलं त्याच्यामुळं. आणि त्याला झुरळ म्हणाली, त्याचं काय? चुकलं म्हणायला नको? खेकडू अजून डोळे बाहेर काढून वाट बघतोय.

कुणाची म्हणून काय विचारता? शेवंताआत्याची!