निळा पडलेला रॉड

“उस्ताद, ह्या रॉडचा निळा डाग गेला कुठं?”

हणमंतने विचारलं तेव्हा कासमभाई शिकलगार धरणाकाठच्या आपल्या दुकानात स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“घासला.”

“कुणी?”

“मी.”

हणमंतच्या हातातला कनेक्टिंग रॉड लखलखत होता. धरणाच्या पाण्यावर माणसं ने-आण करणाऱ्या लाँचचा तो. तेल कमी पडलं, बेअरिंग वितळलं आणि भर पाण्यात इंजिन जाम झालं. बाकीचे रॉड हणमंतनेच पुन्हा कामाला आणले होते. वाक काढला, रॉडच्या टोप्यांची तोंडं घासली, बोल्ट आवळून भोकं नव्यानं गोल केली. हा एकच उष्णतेनं निळा पडलेला. तो त्याने स्वतःच्या हाताने भंगारात टाकला होता. आज येऊन बघतो तर टेबलावर, नव्यासारखा.

“गेज लाव,” उस्ताद म्हणाले.

त्याने लावलं. काटा जागचा हलला नाही.

“आहे दोष?”

“मापात नाही.”

“मग बसव.”

“माप इतकं बरोबर आहे, त्याचंच भ्या वाटतं, उस्ताद. पोलाद भाजलंय. त्यातला दम गेलाय. रंग घासून तो परत येत नाही... तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं मीच. आता सांगतोयही मीच.”

तेवढ्यात लाँच चालवणारा रामू सपकाळ दारात येऊन उभा राहिला.

“आवो कासमभाई, बाजारची माणसं कवाधरनं काठावर बसल्याती. पल्याड जायाला दुसरी सडक हाय का? एक म्हातारी डोळ्याचं आप्रेशन करून आलीया, तशीच उन्हात बसलीया.”

“सुटेल लाँच. आजच सुटेल.”

हणमंतची कानशिलं तापली. चालत्या इंजिनात रॉड तुटला की काय होतं, हे त्याने पाहिलं होतं. इंजिनाचा ब्लॉक फोडून तो बाहेर येतो. वर माणसं, खाली बुडालेल्या गावांवर उभं राहिलेलं पाणी.

“मी बसवणार नाही.”

“मग मी बसवतो.”

“बसवू देणार नाही.”

उस्तादांपुढे असं कुणी बोललेलं रामूने ऐकलं नव्हतं.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“माझ्या दुकानात माझा शब्द चालतो, हणमंता. पटत नसेल तर दार उघडं आहे.”

“जातो. पण ह्याला मागं ठेवून जात नाही.”

त्याने रॉड शिकंज्यात आवळला आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उस्तादांच्या पायापाशी जाऊन पडल्या. ते उठले नाहीत. त्याला अडवलंही नाही.

दोन तुकडे फरशीवर पडले.

...

“अरं देवा,” रामू रडकुंडीला आला. “आता मानसांस्नी मी काय सांगू?”

हणमंतने हात पुसले, डबा उचलला आणि ताठ मानेनं बाहेर पडला. इतक्या वर्षांचं घरासारखं दुकान एका कापात तुटलं होतं. तरी पुन्हा कापायचा झाला असता, तर त्याने तो पुन्हा कापला असता.

काठावरची माणसं त्याच्याकडे टकमक बघत होती. तो त्यांच्याकडे न बघताच चढाच्या वाटेला लागला.

मागून चपला वाजल्या. उस्ताद येत होते. पण ते त्याच्याकडे वळले नाहीत, सरळ पाण्याकडे गेले. मासे धरणाऱ्यांची एक रुंद लाकडी नाव काठाला बांधलेली होती. मालकाला दोन शब्द विचारून त्यांनी तिचा दोर सोडला. म्हातारीला हात देऊन आत बसवलं. मग वर चढावरच्या हणमंतकडे पाहिलं.

“रॉड तू कापलास ना?... मग ये. वल्हं धर.”